लिस्बनचं ते ‘पाचशे वर्षं जुनं’ स्मारक

एक फोटो सध्या गटागटांतून फिरतोय. लिस्बनला तेजो नदीच्या काठावर शिडाच्या जहाजासारखं उभं असलेलं स्मारक, नाळेवर राजपुत्र हेन्री आणि त्याच्या मागे चढत आलेली दर्यावर्दींची रांग. खालचा मजकूर असा: हे स्मारक पाचशे वर्षं जुनं, इथूनच हेन्रीनं वास्को द गामाला भारताकडे धाडलं, पुढे इथल्या सागरी प्रदर्शनात गामाचं खरं जहाज ठेवलं होतं, आणि भारताची वाट त्यानं एकट्याच्या हिमतीवर शोधली. एवढ्या मजकुरात अर्धं वाक्य तेवढं बरोबर आहे.

आधी वय. १९४० मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीनं लिस्बनच्या बेलें भागात, याच काठावर, ‘पोर्तुगीज जगाचं प्रदर्शन’ भरवलं, २३ जून ते २ डिसेंबर. निमित्त देशाच्या स्थापनेला आठशे आणि स्पेनपासून सुटकेला तीनशे वर्षं झाल्याचं, पण मिरवायचा होता तो दर्याच. हे स्मारक त्या प्रदर्शनाची सजावट म्हणून उभं राहिलं. हलका सांगाडा आणि त्यावर प्लास्टर-गोणपाट. आपल्याकडच्या गणपतीच्या देखाव्यासारखंच, टिकण्यासाठी केलेलं नव्हे. १९४३ मध्ये ते उतरवलं. फोटोतलं ५६ मीटर उंच काँक्रीट-दगडाचं स्मारक १९६० चं, हेन्रीच्या पाचशेव्या पुण्यतिथीचं. ‘पाचशे’ बहुधा तिथूनच घसरत आलं असावं. गोवा तेव्हा अजून पोर्तुगालकडे होता. पुढचे जेमतेम सोळा महिने.

पाचशे वर्षं जुनं काही दाखवायचंच असेल तर समोर रस्त्यापलीकडे जेरोनिमोस मठ आहे. गामाची कबरही तिथेच.

आता ते अर्धं वाक्य. गामा याच काठावरून, रेस्तेलोहून (बेलेंचं जुनं नाव), ८ जुलै १४९७ ला निघाला, हे खरं. पण त्याला धाडलं राजा मानुएलनं. हेन्री १४६० मध्येच वारला होता.

‘गामाच्या खऱ्या जहाजा’ची गोष्ट तर मुळातच गमतीची आहे. प्रदर्शनासाठी ‘नाऊ पुर्तुगाल’ नावाचं कोरं गलबत बांधायला घेतलं होतं, आव्हेइरूजवळ गाफान्यात. नमुना गामाच्या जहाजाचा नव्हे, भारताच्या फेऱ्या करणाऱ्या त्यानंतरच्या काळातल्या मोठ्या गलबतांचा. प्रदर्शन उघडून दोन आठवडे झाले तरी ते गावातच होतं. ७ जुलैला लोकांच्या डोळ्यांदेखत पाण्यात लोटलं आणि ते तिथेच कुशीवर कलंडलं. सरळ करून लिस्बनला आणेपर्यंत अर्धा हंगाम सरला होता.

राहिली ‘एकट्याची हिंमत’. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीच्या राजानं गामाला वाटाड्या दिला, तशी नोंद त्याच्या ताफ्यातल्याच रोजनिशीत आहे. (कान्हा नावाच्या व्यापाऱ्याच्या अवाढव्य जहाजामागून गामा आला, हा उलट बाजूचा फॉरवर्डही असतो. त्या रोजनिशीत असं पुढे चालणारं जहाज नाही.) एप्रिलच्या अखेरीस मालिंदी सोडली तेव्हा नैर्ऋत्येचं वारं पाठीशी यायला लागलेलं, साधारण २३ दिवसांत मलबारचा किनारा दिसला आणि २० मे १४९८ ला ताफा कालिकतजवळ पोचला.

परतीला वाऱ्याचा हा हिशेब चुकला. कारवारसमोरच्या, पण गोव्याच्या हद्दीतल्या अंजदीव बेटावरून तो ५ ऑक्टोबरला निघाला. ईशान्येचं वारं अजून बसलेलं नव्हतं. या किनाऱ्यावरच्या कुठल्याही तांडेलानं त्याला थांब म्हटलं असतं. कधी वारं पडलेलं, कधी उलटं. आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून, स्कर्व्हीनं तीसेक माणसं गेली. उरलेल्यांत तीन जहाजं चालवण्याइतके हात नव्हते, म्हणून ‘साओ राफाएल’मधला माल दुसऱ्या जहाजांवर चढवला आणि ते मालिंदीच्या पुढे किनाऱ्यालगत जाळून टाकलं.