खुलासा: ॲसिडिटीची गोळी लोह 'खात' नाही

'पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल रक्तातलं लोह खाऊन टाकतात, आजच बंद करा' हा मेसेज परवा मीही पुढे ढकलला होता. चुकलं. नंतर औषधशास्त्राचं पुस्तक उघडलं. या गोळ्या साठलेल्या लोहाला हात लावत नाहीत. पोटातलं आम्ल घटलं की अन्नातलं, विशेषतः वनस्पतिजन्य, लोह नीट विरघळत नाही, इतकंच. दोन-चार आठवड्यांत सहसा काही बिघडत नाही. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत मात्र कमतरतेची शक्यता वाढते. त्यांनी डॉक्टरांना विचारून रक्तातलं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासावं. नुसतं हिमोग्लोबिन पाहून भागत नाही, कारण ते साठा घटल्यावर उशिरा उतरतं. ॲस्पिरिनसोबत पोट सांभाळायला ही ॲसिडिटीची गोळी दिली असेल, तर परस्पर बंद केल्यास अल्सरमधून रक्तस्राव होऊ शकतो, आणि लोह खरं जातं ते तिथून! तो मेसेज कृपया थांबवा.