‘स्टार बिट’ म्हणजे नक्की कोणता? एका नाराज वाचकाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पावसाचं पाणी शिरून गाडीतलं कार्पेट भिजलं, म्हणून माझा जुना लेख वाचून तुम्ही स्कोडा लॉराची ड्रायव्हरची सीट काढायला घेतली. लेखात मी ‘टी-५० स्टार बिट आणा’ एवढंच म्हटलं होतं. बिट म्हणजे पान्याला लावून बोल्टाच्या डोक्यातल्या खळग्यात घालायचा तुकडा. तुम्ही तो आणलात. दोन बोल्ट कसेबसे निघाले, तिसरा आतून पार खाल्ला गेला. ‘अर्धवट माहिती देऊन लोकांच्या गाड्या बिघडवू नका, आणि आधी बॅटरीची वायर सोडा, मग थांबा, असली भीतीही घालू नका,’ असं तुम्ही लिहिलंत. शेवटी जाता जाता एक ओळ आहे: दोन्ही बोल्ट हाताने फिरवून परत लावलेत आणि गाडी रोज ऑफिसला नेताय.

आधी त्या ओळीबद्दल बोलतो. कृपा करून गाडी चालवू नका. तुमच्या गाडीत सीटबेल्टचं बक्कल सीटच्या सांगाड्यालाच जोडलेलं आहे. धडक बसली तर बेल्ट तुम्हाला धरतो, पण बेल्टला धरतात ते हे चार बोल्ट. त्यातले दोन नुसते हाताने लावलेले आणि एक खाल्लेला, म्हणजे भरवशाचा एकच उरला. काम पूर्ण होईपर्यंत रिक्षा करा, बस धरा.

आता चूक. ती माझी आहे. मी माझ्या गाडीवरून लिहिलं आणि ‘स्टार’ हा शब्द असा वापरला की जणू त्याचा एकच अर्थ होतो. तुमची प्रतिक्रिया आल्यावर शनिवारी मी मुद्दाम पुण्यात रविवार पेठेत गेलो आणि तीन दुकानांत तेच वाक्य म्हणालो, ‘सीटच्या बोल्टाचा स्टार द्या.’ पहिल्याने साधा टॉर्क्स काढून दिला, सहा गोलसर पाकळ्यांचा, म्हणजे तुमच्या टी-५० च्याच जातीचा. दुसऱ्याने उलटा स्टार दिला. तो गोटीसारखा, म्हणजे पान्याच्या पोकळ टोपीसारखा असतो, पाकळ्या आतल्या बाजूने, आणि बोल्टाच्या डोक्यावर बाहेरून बसतो. तिसऱ्याने विचारलं, ‘गाडी कुठली?’ लॉरा म्हटल्यावर त्याने बारा टोकदार दात्यांचा बिट काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, ‘याला स्प्लाइन म्हणा साहेब, स्टार म्हणाल तर कोणीही दुसराच देईल.’ मी लेखात जे लिहायला हवं होतं, ते त्याने एका वाक्यात सांगितलं.

तुमच्या लॉराला हाच लागतो: बारा दात्यांचा, एम-१० मापाचा. इंटरनेटवर शोधायचा तर ‘ट्रिपल स्क्वेअर’ किंवा ‘एक्सझेडएन’ म्हणून शोधा. तीन चौकोन एकमेकांवर थोडे थोडे फिरवून ठेवले की बारा कोपरे होतात, तो हा आकार. टी-५० त्यात शिरतो, जरा हलतो, पण बसल्यासारखा वाटतो, आणि इथेच माणूस फसतो. बाराऐवजी सहाच जागी तो टेकतो, तेही पाकळीच्या गोल टोकाने. कारखान्यातून येताना सीटच्या बोल्टांच्या आट्यांना बहुधा चिकट लॉक लावलेलं असतं, त्यामुळे पहिला झटका जोराचा द्यावा लागतो. त्या झटक्यात दाते सोलून निघतात. टॉर्क्समध्ये मुळात दोष नाही. १९६७ साली अमेरिकेत कॅमकार कंपनीने तो आणला तोच मुळी बिट सटकून बाहेर येऊ नये म्हणून. त्याच्या भिंती जवळपास सरळ उभ्या असतात, म्हणून योग्य मापाचा असला की तो सुरेख धरतो. फक्त तो दुसऱ्याच्या घरात घालायचा नाही.

मारुतीवाल्यांना हा ताप सहसा होत नाही. १२ किंवा १४ मिलिमीटरची गोटी बोल्टाच्या डोक्यावर बाहेरून बसवली की काम झालं. मात्र गोटी सहा कोनीच घ्या, बारा कोनी गंजलेल्या डोक्यावर घसरते.

तर दुकानात जायच्या आधी बोल्टाच्या आत बघा. सीट पूर्ण पुढे सरकवा, मागचे बोल्ट दिसतील. मग पूर्ण मागे घ्या, पुढचे दिसतील. खळग्यात वर्षानुवर्षांची माती, बिस्किटाचा चुरा, खडे घट्ट बसलेले असतात. दाभणाने ते तळापर्यंत खरवडून काढा, कारण घाण राहिली की बरोबर मापाचा बिटही अर्धाच आत जातो. मग टॉर्च लावून फोटो काढा, मोठा करून टोकं मोजा. फोटोत कळेना तर आमच्या घरातला उपाय करा: कणकेचा घट्ट गोळा घ्या, टोकाला तेलाचं बोट लावा, खळग्यात दाबा आणि सरळ वर उचला. छाप इतका स्वच्छ येतो की दाते बोटाने मोजता येतात. तो डबीत घालून दुकानात न्या.

खाल्लेल्या बोल्टाचं सांगतो. टी-५० आता त्याला लावू नका. नवा स्प्लाइन बिट घ्या, अर्ध्या इंची रॅचेटला बसणारा, चांगल्या पोलादाचा. हातोडीने दोन-तीन ठोके देऊन तळाशी बसवा. तळाकडचे दाते बऱ्याचदा शाबूत असतात. लांब दांडा लावा, बिटावर वरून अंगाचा भार द्या आणि झटका न देता सावकाश जोर वाढवत न्या. तरी घसरला तर थांबा आणि ड्रिल असलेल्या माणसाकडे गाडी टो करून न्या. डोकं ड्रिलने उडवलं की बोल्टावरचा ताण जातो आणि उरलेला दांडा बहुतेक वेळा पकडीने फिरतो. नवा बोल्ट कंपनीच्या पार्ट्स काउंटरवरूनच घ्या, हार्डवेअरच्या दुकानातून मापाला माप लावून नको. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा जो आकडा असतो ती त्या पोलादाची ताकद आहे, आणि ती जुन्यापेक्षा कमी चालणार नाही. चारही बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळतोय ते दाखवणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याइतके आवळा.

बॅटरीच्या मुद्द्यावर मात्र मी मागे हटणार नाही. साइड एअरबॅग असेल तर ती सीटच्या पाठीतच असते आणि सीटखालचा पिवळा कनेक्टर तिचा असतो. धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून तिच्या कंट्रोल युनिटमध्ये थोडी वीज साठवलेली असते. ती उतरायला वेळ द्यावा लागतो, म्हणून निगेटिव्ह टर्मिनल सोडून दहा मिनिटं थांबायचं. आणि कनेक्टर सुटा असताना चावी फिरवायची नाही. फिरवलीत तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. बॅटरी परत जोडल्यावर काचांचं वन-टच, म्हणजे एकदाच बटण दाबून काच पूर्ण वर-खाली होणं, बंद पडलं तर घाबरू नका. काच पूर्ण वर नेऊन बटण तसंच थोडा वेळ ओढून धरा.

जुन्या लेखात आज ‘स्टार’ हा शब्द जिथे जिथे होता तिथे बदल केला आहे आणि वर तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केला आहे. खाल्लेल्या बोल्टाचा टॉर्च लावून काढलेला फोटो इथेच टाका. तळाचे दाते किती उरलेत ते बघून बिट ठोकून भागेल की थेट ड्रिलच लागेल ते सांगतो. आणि कार्पेटखालचा फोम हाताने दाबून बघा. वरून कोरडा लागला तरी आत पाणी धरून असेल, तर दुसरीही सीट काढावी लागेल.