राष्ट्रपती व्हायचंय? सह्या आणा

पस्तिशी उलटली ना? मग निम्मी मोहीम फत्ते. राज्यघटनेचं ५८ वं कलम फार उदार आहे. भारताचे नागरिक असा, ३५ वर्षं पूर्ण करा, लोकसभेला उभं राहण्याइतके पात्र असा. शिक्षण कुणी विचारत नाही. तलाठ्याला पदवी लागते, वर संगणकाचं प्रमाणपत्र. तेव्हा तलाठी भरतीत तिसऱ्यांदा आपटलेल्यांनी खचू नये, जरा वर बघावं.

लाभाचं पद तेवढं नको. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी असाल तर आधी राजीनामा खरडा. राज्यपाल किंवा मंत्री असाल तर खुशाल बसून राहा. ती पदं या कामापुरती लाभाची धरायची नाहीत, असं त्याच कलमात लिहिलंय. गुरुजींचा लाभ मात्र डोळ्यांत भरतो.

मतदार यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडा (झेरॉक्स नव्हे), १५,००० रुपये अनामत भरा. उरलं किरकोळ काम: ५० सूचक आणि ५० अनुमोदक. १९६७ मध्ये १७ जण उभे राहिले आणि त्यातल्या नऊ जणांना एकही मत पडलं नाही. असल्या हौशी लोकांना आवरायला १९७४ मध्ये दहा-दहा सह्या आल्या, १९९७ मध्ये पन्नास-पन्नास झाल्या.

सही निवडून आलेल्या खासदाराची किंवा विधानसभेच्या आमदाराचीच हवी. मेव्हण्याच्या ओळखीचे ते विधान परिषदेवाले चालत नाहीत. म्हणून मुलीच्या अ‍ॅडमिशनला ज्यांनी पत्र दिलं होतं, त्या आमदारांकडेच जा. पीए म्हणेल, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत.' एक चहा येईल, दुसरा येईल. मग साहेब येतील, अर्ज उलटसुलट बघतील, पाठीवर हात ठेवतील. 'दादा, नगरपरिषदेला बघू की तुमचं.' एक आमदार एकाच अर्जावर सही करू शकतो आणि ती कुणाच्या अर्जावर करायची, हे दिल्लीहून आधीच कळलेलं असतं. असे फक्त शंभर चहा प्यायचेत.

२०२२ मध्ये शंभराहून जास्त अर्ज आले, रिंगणात उरले दोघं: द्रौपदी मुर्मू आणि यशवंत सिन्हा. त्या निवडणुकीत राज्यांतल्या मतपेट्या विमानानं दिल्लीला गेल्या, 'मिस्टर बॅलट बॉक्स' या नावाचं रीतसर तिकीट काढून, प्रवाशाच्या सीटवर बसून. त्यांना ना पस्तिशी लागली, ना सूचक. तुम्हाला परतीला एसटी आहेच.