पाच मिनिटांत तलवार ओळखता येत नाही

‘घरात जुनी तलवार सापडली? आकडा असेल तर ते साल, नाव असेल तर ते घडवणाऱ्याचं, क्रूस असेल तर धर्मयुद्धातली. पात्यावरची लांब पन्हळ असते रक्त वाहून जायला. आधी घासून लख्ख करा, खुणा आपोआप दिसतील.’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. शेवटापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुका मागाहून निस्तरता येतात, ही येत नाही.

पात्यावरची नक्षी बरेचदा आम्लाने उठवलेली आणि अगदी उथळ असते. सँडपेपरचे चार हात फिरले की गंजाबरोबर तीही गेली. जपानी तलवारीत तर मुठीत दडलेल्या भागावरचा गंज हाच वयाचा पुरावा; घडवणाऱ्याची सही असली तर तीही तिथेच. मऊ फडकं, थोडं हलकं तेल, बस्स.

आता आकडा. विल्किन्सन या इंग्लिश तलवार-कंपनीने १८५४ पासून आपल्या तलवारींच्या पाठीवर (धारेच्या उलट्या, बोथट कडेवर), मुठीजवळ, अनुक्रमांक ठोकले. तो आकडा साल नव्हे. पण कंपनीच्या वह्या टिकल्यात, त्यामुळे त्यावरून साल शोधता येतं. १९३५ च्या नमुन्याच्या जपानी लष्करी तलवारीवरचा आकडाही अनुक्रमांकच. जर्मनीतल्या सोलिंगेनच्या काही पात्यांवर १४१४ कोरलेलं असतं, आणि पाती त्यानंतर कितीतरी काळाने घडलेली! उलट फ्रान्सच्या शातेलरो कारखान्याच्या तलवारींवर पाठीवरच्या तिरप्या अक्षरांत महिना आणि साल खरोखरच लिहिलेलं असतं. म्हणजे आकडा कुठे आहे आणि कोणाचा आहे, हे आधी.

नावाचं तर विचारूच नका. आंद्रेआ फेरारा हा सोळाव्या शतकातला इटालियन कारागीर. त्याचं नाव सोलिंगेनकरांनी स्कॉटलंडला जाणाऱ्या पात्यांवर सर्रास घातलं. शिवाय पाती मुठीविना विकली जात. युरोपी पातं आणि हिंदुस्थानी मूठ, अशा तलवारीला आपण फिरंगीच म्हणतो. पातं आणि मूठ वेगवेगळी वाचा, दोघांच्या वयात शंभर वर्षांचा फरकही असू शकतो.

क्रूस आणि मुठीच्या टोकाला शिरस्त्राणधारी डोकं? ती बहुधा अमेरिकेतल्या ‘नाइट्स टेम्प्लर’ या, फ्रीमेसन नावाच्या बंधुसंघाच्या शाखेची मिरवायची तलवार, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा त्यानंतरची. पात्यावर मालकाचं नावही सापडेल. धर्मयुद्धात लढणाऱ्याला एवढी हौस परवडली नसती.

पन्हळीने पात्याचं वजन घटतं आणि ताठपणा टिकतो. रक्ताचा संबंध नाही.

ही शस्त्र म्हणून घडवली की भिंतीवर टांगायला, हा पहिला प्रश्न मात्र त्या मजकुरात नाहीच. पात्याच्या पाठीवर बोट फिरवा. लढाऊ पातं सहसा मुठीपाशी जाड असतं आणि टोकाकडे पातळ होत जातं. शोभेचं बरेचदा पट्टीसारखं सगळीकडे सारखंच. आणि ‘स्टेनलेस’ असा शिक्का दिसला, तर पुढचं काही शोधायची गरज नाही.