चमक म्हणजे दर्जा नव्हे
लेखात म्हटलंय की एकथरी मोलिब्डेनम डायसल्फाइडचा (मोलिब्डेनम आणि सल्फरचा अतिपातळ अर्धवाहक थर) फोटोल्युमिनेसन्स, म्हणजे लेसर पाडल्यावर त्यातून बाहेर पडणारा प्रकाश, जितका प्रखर, तितका स्फटिक निर्दोष. हे कृपया दुरुस्त करा, नवे विद्यार्थी नेमके इथेच फसतात. स्फटिकात सल्फरचा अणू गळून राहिलेल्या रिकाम्या जागेवर हवेतला ऑक्सिजन चिकटला की थरातले जादा इलेक्ट्रॉन कमी होतात आणि चमक उलट वाढते. दोष मात्र जागच्या जागीच!

रामन मोजणीतही (विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून अणूंची कंपनं ओळखण्याची पद्धत) 385 आणि 404 प्रति सेंमीच्या आसपासच्या दोन शिखरांतलं अंतर (18 ते 20) थर एकच आहे एवढंच सांगतं. दर्जासाठी शिखरांची रुंदी बघा आणि 227 जवळ बारीकसा उंचवटा आहे का ते शोधा. दोष वाढले की तो वर येतो. 404 चं शिखर खाली सरकून पसरलं असेल तर आधी इलेक्ट्रॉन डोपिंगचा, म्हणजे थरात जादा इलेक्ट्रॉन आल्याचा, संशय घ्या. 385 चं सरकलं तर थर ताणला गेल्याचा.

मोजणीआधी सिलिकॉनचं शिखर 520.5 वर जुळवून घ्या. 532 नॅनोमीटरचा लेसर 100 पट मोठं दाखवणाऱ्या (100 एक्स) भिंगातून टाकताना तो अर्ध्या मिलिवॅटच्या खालीच ठेवा. मग पॉवर निम्मी करून पुन्हा मोजा. शिखरं हलली तर नमुना तापतोय, त्या आकड्यांवरून काहीच ठरवू नका.

फोटोल्युमिनेसन्सची खरी कसोटी 4 केल्विनला (सुमारे उणे 269 अंश सेल्सिअस) लागते. मुख्य शिखरापेक्षा 0.1 ते 0.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट कमी ऊर्जेवर पसरट पट्टा दिसला आणि लेसरची पॉवर वाढवल्यावर तो मुख्य शिखराच्या तुलनेत मागे पडला, तर ते दोषांत अडकलेले एक्सिटॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याने सोडलेली रिकामी जागा यांची बांधलेली जोडी).