गुप्तरोग जोपासण्याचे कोकणी शास्त्र

कलमाला खत कधी घालावं, मोहोर आला की फवारणी कसली करावी, हे सांगणारे कोकणात पायलीचे पन्नास भेटतात. पण वर्षानुवर्षं टिकेल, संसारात रुजेल आणि पुढच्या पिढीलाही पुरेल असा गुप्तरोग कसा जोपासावा, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. न बोलणं हीच या शेतीची पहिली मशागत, त्यामुळे तेही बरोबरच म्हणा.

सुरुवात दुसऱ्याकडे बोट दाखवून करावी. गावकऱ्यांनी म्हणावं, चाकरमान्यांनी आणलं. चाकरमान्यांनी खलाशांचं नाव घ्यावं, खलाशांनी पुढच्या बंदराचं. याला जुना आधार आहे. 16व्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात गरमीला, म्हणजे सिफिलिसला, ‘फिरंग रोग’ म्हटलंय, म्हणजे फिरंग्यांच्या संगतीने येणारा. तिकडे फिरंग्यांच्या मुलखात इटालियन लोक त्यालाच फ्रेंच रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा रोग. तेव्हा आपल्याला झालेला रोग मुळात आपला नव्हेच, आणि जो आपला नाही त्याला औषध आपण का घ्यावं?

आता पहिलं पीक, परमा, म्हणजे गनोरिया. हा उतावळा. संबंधानंतर साधारण 2 ते 5 दिवसांत पुरुषाला लघवीला आग होते आणि पिवळट पू येतो. अशा वेळी घाबरू नये. घरातलं वडीलधारं माणूस सांगतंच, “उष्ण पडलाहा तुका.” मग कोकम सरबत, सब्जा, धण्याचं पाणी, वर दोन वाट्या सोलकढी. सोलकढी उत्तम पदार्थ आहे, बांगड्यानंतर तर हवीच. पण ती पोटात जाते आणि परम्याचे जंतू मूत्रमार्गाच्या अस्तरात घर करून बसलेले असतात. त्यांची गाठ पडत नाही. तरी काही आठवड्यांनी आग आपोआप कमी होते, जंतू मात्र जागेवरच राहतात. श्रेय बिनदिक्कत कोकमाला द्यावं. बाईला तर बहुधा काही जाणवतच नाही. परम्याच्या जोडीने पुष्कळदा येणारा क्लॅमिडिया त्याहून मुका. तो गुपचूप गर्भनलिकांवर व्रण पाडत राहतो, आणि चार वर्षांनी मूल होत नाही म्हणून नवस बोलायला आपण मोकळे.

सरबताने भागलं नाही तर मेडिकल गाठावं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसेल अशी वेळ साधून, खालच्या आवाजात, “जरा जळजळ होतेय” एवढंच म्हणावं. बहुतेक वेळा सिप्रोफ्लॉक्सासिनच्या दोन गोळ्या हातात पडतात. परम्याचे जंतू या गोळीला कधीच सरावलेत, त्यामुळे रोगाच्या जिवाला धोका नाही. उरलेली गोळी मित्रासाठी जपून ठेवावी.

पण खऱ्या जाणकाराने गरमीच लावावी. हे सबुरीचं पीक. साधारण तीन आठवड्यांनी एक फोड येऊन फुटतो, कडेला टणक, आणि दुखत अजिबात नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही, हे सूत्र इथे पाठ असावं. जांघेत गाठ आली तर पायाला काटा लागून अवधाण आलं म्हणावं. फोडावर नायट्याचं मलम लावा, चुना लावा, नाहीतर नुसतं बघत बसा. 3 ते 6 आठवड्यांत तो आपोआप भरतो. मलम गुणकारी ठरतं आणि तुम्ही ते चौघांना सुचवता. पुढे काही आठवड्यांनी अंगावर पुरळ उठतं, तळहातांवर आणि तळपायांवरसुद्धा, आणि खाज बहुधा नसते. यावर रामबाण उपाय म्हणजे कोलंबी बंद करणे. पुरळही आपोआप जातं. बिचारी कोलंबी बदनाम होते आणि जंतू वर्षानुवर्षं दडी मारून बसतात. उपचारच झाले नाहीत तर काही जणांत ते 10-20 वर्षांनी हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत किंवा मेंदूत डोकं वर काढतात.

या पिकावरची कीड म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन. लवकर गाठलं तर 24 लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत 12-12 लाख, एकदाच. रोग जुना असेल तर दर आठवड्याला तेवढंच, असं तीन आठवडे. पेनिसिलिन सोसत नसेल त्याला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. इतकी वर्षं राखलेलं पीक असं एका दुपारीत जातं, म्हणून सिव्हिल हॉस्पिटलातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’पासून लांब राहावं. रत्नागिरी असो की ओरोस, तिथे तपासणी फुकट, औषधं फुकट, आणि औषधांचे संच रंगावरून ओळखतात. परम्यासारख्या स्रावाला राखाडी संच: ॲझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम आणि सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम, एकाच वेळी. फोडांना पांढरा, नागिणीसारख्या दुखऱ्या पुळ्यांच्या हर्पिसला लाल, बाईच्या अंगावरून पांढरं जात असेल तर हिरवा. न जाण्याचं कारण तयार आहेच: केसपेपर लिहिणारा नेमका आपल्या साडूचा मावसभाऊ निघतो. (हे मात्र विनोदाने म्हणत नाही. कोकणात खरंच निघतो. शेजारच्या जिल्ह्यात जाता येतं, आणि 1097 वर फुकट फोन करून विचारता येतं, हे विसरून जावं.)

त्यापेक्षा एसटी स्टँडच्या मुतारीतला कागद वाचावा. गुप्तरोगावरच्या औषधांच्या जाहिरातींना 1954च्या कायद्याने बंदी आहे, म्हणजे जाहिरात करणारा माणूस धाडसी असणार, यात शंका नाही. तो लॉजवर बसतो, नाडी बघतो, पुडीत काय आहे ते सांगत नाही, पैसे मात्र सांगतो.

निरोध वापरायचाच झाला तर कोकणी बाणा सोडू नये. वर खोबरेल चोळावं. केसांना, माशाला, कुरकुरणाऱ्या दाराला चालतं ते इथे का नको? तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं आणि ऐन वेळी फाटतं. पाण्यात मिसळणारी जेली असती तर हा मजेचा भाग हुकला असता. पाकीट मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवावं, वरची तारीख वाचू नये, फोडताना दात वापरावेत. खबरदारी म्हणून एकावर एक दोन चढवावेत, म्हणजे एकमेकांवर घासून दोन्ही फाटतात.

एचआयव्हीची शंका आली तर दुसऱ्याच दिवशी तपासून घ्यावं. इतक्या लवकर चाचणीत काही दिसत नाही, त्यासाठी काही आठवडे जावे लागतात. ‘निगेटिव्ह’ लिहिलेला तो कागद मग जन्मभर दाखवता येतो. 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायची प्रतिबंधक औषधं असतात, ती चौथ्या दिवशी आठवावीत.

राहता राहिली बायको. स्वतः चोरून गोळ्या घेतल्या तरी तिला सांगू नका आणि सात दिवस दूरही राहू नका. तिच्याकडून तुमचाच जंतू तुम्हाला परत मिळेल, आणि डॉक्टर बोगस निघाला असं म्हणता येईल. तिच्या ओटीपोटात दुखू लागलं तर बाहेरची बाधा समजून देवाला कौल लावावा, गाऱ्हाणं घालावं, नारळ ठेवावा. देव रागावत नाही, तोही डॉक्टरकडे पाठवायची वाट बघत असतो.

एका ठिकाणी मात्र पीक उघडं पडतं. ती गरोदर राहिली की आरोग्य केंद्रातली नर्स सुरुवातीच्याच भेटीत रक्त घेऊन एचआयव्ही आणि गरमी दोन्ही तपासते. गरमी निघालीच तर तेच पेनिसिलिन तिला देतात. ते पोटातल्या बाळापर्यंत पोचतं, पण प्रसूतीच्या निदान महिनाभर आधी मिळायला हवं. नाहीतर मूल पोटातच दगावू शकतं, किंवा गरमी घेऊनच जन्माला येतं. मग नर्स म्हणते, “नवऱ्याला घेऊन या.” त्या दिवशी तुम्ही बोटीवर असावं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हाचं कारण आतापासून शोधून ठेवा.