बादलीभर गारवा

ग्रीनहाऊस ही एक भारी गंमत आहे. आधी हौसेने पाइपांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर प्लास्टिक ताणायचं, फट न फट बुजवायची, का तर आत ऊब कोंडून राहिली पाहिजे, आणि मग उन्हाळा आला की तीच ऊब बाहेर हाकलायला मशीन शोधत फिरायचं. माझं ग्रीनहाऊस म्हणजे काही शेतातलं पॉलिहाऊस नाही हो, ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, सरळ उभा राहिलो की केस छताला घासतात. पण भर दुपारी दर चौरस मीटरला साधारण १००० वॅट ओतणारा सूर्य लहान-मोठं काही बघत नाही. ६ चौरस मीटर म्हणजे ६००० वॅट, थोडं प्लास्टिकवरून परत जातं ते सोडा, पण सहा इस्त्र्या चालू करून दार लावून घ्यावं तसा प्रकार.

बायको म्हणाली, "मग एसी लाव की झाडांना, आपण काय, पंख्यात जगतोय." तिच्या आवाजातला सूर ओळखून मी कूलर घरीच बनवायचं जाहीर केलं.

थिअरी एवढी सोपी आहे की तिथेच संशय यायला हवा. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता ओढून घेतं, लिटरमागे २४०० किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे तासाला १ लिटर पाणी उडवलं तर ६७० वॅटची गरमी गायब. एका भिंतीत ओला पॅड, समोरच्या भिंतीत बाहेर हवा फेकणारा फॅन, पॅडवर पाणी सोडायला पंप, खाली टाकी. संपलं. मोठ्या पॉलिहाऊसमध्येही हेच असतं, फक्त तिथे ते बसवायला वेगळी माणसं असतात.

पण हवा किती गार होणार हे पाण्याच्या हातात नसतं, आधीपासून हवेत किती दमटपणा आहे त्यावर सगळं ठरतं. ते मोजायला थर्मामीटरच्या टोकाला ओली कापसाची वात गुंडाळायची आणि दोरी बांधून गरागरा फिरवायचा. म्हणजे भर उन्हात अंगणात मी डोक्यावर टोपी, हातात दोरी, दोरीला थर्मामीटर, आणि तोंडाने सेकंद मोजतोय, हे दृश्य कुंपणापलीकडच्या काकूंनी पाहिलं. त्यांनी काही विचारलं नाही. नुसतं घरात जाऊन काकांना बोलावून आणलं.

आकडा मात्र झकास आला. साधा थर्मामीटर ४०, ओला २२ (पाणी उडवून हवा फार तर एवढीच गार होऊ शकते), म्हणजे हवेत दमटपणा २० टक्क्यांच्या आसपास. चांगला पॅड मधल्या फरकातला पाऊण हिस्सा तरी कमी करतो, म्हणजे पॅडमधून आत येणारी हवा २६-२७ ची. मी खूश. सासरे सध्या आमच्याकडे आहेत, त्यांनी स्वतःचा थर्मामीटर आणून उन्हात ठेवला आणि जाहीर केलं, "जावईबापू, तुमचं चुकतंय, माझा ५१ दाखवतोय." थर्मामीटर उन्हात ठेवला की तो हवेचं नाही, स्वतः किती तापला ते सांगतो, हे मी तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावलं. ते म्हणाले, "पण ५१ तर ५१ आहे ना?"

पंपाची एक वेगळीच कथा आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत २ मीटर छापलेलं असतं. आपल्याला वाटतं २ मीटर उंचीवर पाणी धो धो पडणार. त्याचा खरा अर्थ असा की २ मीटरपर्यंत पाणी चढतं आणि तिथे पोचून थांबतं, थेंबसुद्धा बाहेर येत नाही, कारण ती हद्द आहे, तिथे धार शून्य. म्हणजे आपला पॅड दीड मीटर उंच असेल तर पंप ३ मीटरचा घ्यायचा. ही माहिती खोक्यावर छापायला जागा नसते, पण पंपाशेजारी हसणारी मुलगी छापायला असते.

मग ती वरची पीव्हीसी नळी. एका टोकाला बूच, अंगावर बारीक भोकं, भोकांतून पाणी पॅडभर सारखं झिरपायला हवं. चालू केल्यावर एका कोपऱ्यात पूर, दुसऱ्या कोपऱ्यात दुष्काळ, मधला पट्टा कोरडा ठणठणीत. आणि कोरडा पट्टा म्हणजे गरम हवेला खुलं आमंत्रण. लेव्हल लावून नळी एक केसभर वर, एक केसभर खाली, स्टुलावर चढा, उतरा, पुन्हा चढा. शेवटी भोकं खाली न ठेवता आकाशाकडे केली आणि वर अर्धा कापलेला जाडा पाइप झाकणासारखा घातला, की पाणी उडून झाकणाला आपटतं आणि पसरून खाली येतं. कचराही कमी अडकतो. हे जमलं तेव्हा मी डोक्यापासून पायापर्यंत भिजलेलो होतो, आणि खरं सांगतो, त्या दिवशी कूलरने सगळ्यात आधी मला गार केलं.

फॅनचं गणित असं की मिनिटाला एकदा आतली सगळी हवा बदलली पाहिजे. माझ्याकडे १२ घनमीटर, म्हणजे तासाला ७२० घनमीटर ओढणारा फॅन, तो मिळाला. पण हवा ही पक्की कामचुकार. ओल्या पॅडमधून धडपडत येण्यापेक्षा तिला दाराखालची बोटभर फट बरी वाटते. फॅन जोरात, पॅड ओला, आणि आत तरीही भट्टी, कारण सगळी हवा दाराखालून घुसत होती. फटीला रबरी पट्टी मारली तेव्हा कुठे पॅडने श्वास घेतला. मध्येच आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका, ट्रिप व्हायचा, फॅनच्या वायरचा जोड ओला झाला की घरभर अंधार आणि आतून बायकोचा आवाज, "माझी मीटिंग चालू आहे!" चिडू नका त्या खटक्यावर, पाणी आणि वीज शेजारी ठेवून आपण जिवंत आहोत ते त्याच्यामुळे. जोड वर उचलून बंद डबीत घातला.

आणि मग चाललं. खरंच चाललं. पॅडजवळ २७, फॅनजवळ ३२, कारण वाटेत ऊन हवेला पुन्हा तापवतं. त्यामुळे झाडांमध्ये वशिलेबाजी सुरू झाली, फर्न आणि ऑर्किड पॅडला खेटून, काकडी मध्ये, कॅक्टस थेट फॅनखाली. वर ५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट टाकली तेव्हा कूलरचं काम जवळपास अर्ध्यावर आलं, पण शेडनेटचं कौतुक कोणी करत नाही, तिच्यातून आवाज येत नाही ना.

टाकी मात्र डोक्याला ताप. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत, पॅडवर पांढरी खपली धरते, म्हणून थोडं पाणी रोज काढून टाकायचं आणि ताजं भरायचं. डासांसाठी वर जाळी लावली, तरी कुठून तरी एक बेडूक आत शिरला आणि पंपाशेजारी कायमचा राहायला लागला. मी दोनदा उचलून बाहेर सोडला. तो माझ्याआधी परत.

मग एक दिवस ढग आले. तापमान ३६, हवा चिकट, ओला थर्मामीटर थेट ३१. आता पॅडने जीव तोडला तरी हवा ३२ च्या खाली येणं अवघड, हवेतच पाणी भरलेलं, नवीन उडणार कुठे? घरात निकाल लागला, "तुझा कूलर बिघडला." सासरे म्हणाले, "जावईबापू, टाकीत बर्फ टाका." मी शांतपणे सांगितलं, बाबा, किलोभर बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो, किलोभर पाणी उडताना त्याच्या सातपट घेतं, बर्फाने एवढ्याशा टाकीत काही फरक पडत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, "बरोबर आहे तुमचं" म्हणाले.

सकाळी फ्रीजमधले बर्फाचे सगळे ट्रे रिकामे, ग्रीनहाऊसचं तापमान आहे तेवढंच, आणि बेडूक टाकी सोडून ऑर्किडच्या कुंडीत येऊन बसलेला.